काचेआडची खोली

चर्चमध्ये सगळ्यात मागे, दाराच्या डाव्या हाताला, काचेची भिंत असलेली एक छोटी खोली होती. तान्ह्या लेकरांच्या आयांसाठी मुद्दाम केलेली. मूल रडलं तरी उपासनेत व्यत्यय नको आणि आईचंही प्रवचन बुडायला नको, म्हणून आत भिंतीवर स्पीकर लावलेला. कल्पना झकास होती. फक्त तो स्पीकर कित्येक आठवडे मुका होता आणि त्याला बोलका करायचं काम वायरमनकाकांच्या गळ्यात होतं.

वायरमनकाका चर्चच्या मंडळीतले जुने इलेक्ट्रिशियन. कारखान्यातली नोकरी संपून वर्षं झाली, तरी चर्चमधला पंखा कुरकुरला किंवा माइक शिट्टी वाजवायला लागला, की सगळ्यांच्या तोंडी एकच, "काकांना सांगा." काका कधी नाही म्हणत नसत. पण त्यांच्या 'बघतो' आणि 'बघितलं' यांच्यामध्ये एखादा ऋतू सहज मावायचा. काचेआडच्या खोलीत तर सध्या एकच बाई बसायची आणि तिची काही तक्रार नव्हती. मग घाई कसली?

ती बाई म्हणजे बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या एका तरुणाची बायको. बाळंतपणाआधी ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि रविवारी गायकवृंदात मागच्या रांगेत उभी राहून असं गायची, की पुढची रांग आपला सूर सोडून तिचंच ऐकत बसायची. मुलगी झाली तशी ती काचेआड गेली. मुलीला सगळे 'छोटी' म्हणू लागले आणि तिला 'छोटीची आई'. उपासना संपली की बायका छोटीभोवती गोळा होत, गालगुच्चे घेत, नाक कुणाचं यावर वाद घालत. छोटीची आई बाजूला पिशवी धरून उभी असे. तिच्या नाकाबद्दल कुणाला काही म्हणायचं नव्हतं.

आता गंमत अशी, की उपासनेला बसलेल्या सगळ्यांची त्या काचेकडे पाठ असायची. काचेकडे तोंड फक्त प्रवचन देणाऱ्या पाळकांचं. पाळक तरुण, मनाने निर्मळ, पण माणसांपेक्षा पुस्तकांत जास्त रमणारे. एका रविवारी ते प्रार्थनेवर बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर मागे गेली आणि ते थांबले.

"प्रार्थना कशी असावी, हे मी सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "पाहायचं असेल तर मागे वळा. आपली बहीण पाहा. मांडीवर लेकरू, डोळे मिटलेले, जराही हालचाल नाही. दर रविवारी मी हे बघतो आणि मलाच माझी लाज वाटते."

सगळी मंडळी वळली. शे-दीडशे चेहरे एकदम काचेकडे. सगळे हसले, कौतुकाने, मायेने. कुणी हातही हलवला. काचेआड छोटीची आई दचकली आणि बघतच राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वायरमनकाका शेवटच्या बाकावर बसत, त्यामुळे त्यांना तो जवळून दिसला. 'लाजली बिचारी,' ते मनाशी म्हणाले आणि पुन्हा पुढे वळले.

उपासनेनंतर पाळकांनी काकांना दारातच गाठलं.

"काका, तो स्पीकर."

"बघतो."

"मी एवढं तिचं कौतुक केलं आणि तिला त्यातला एक शब्दही ऐकू गेला नसेल हो."

यावर काकांना दुसऱ्यांदा 'बघतो' म्हणवेना.

पुढच्या रविवारी ते शिडी आणि हत्यारांची पिशवी घेऊन लवकरच चर्चमध्ये आले. त्यांना वाटलं होतं खोली रिकामी असेल. पण छोटीची आई आधीच येऊन बसली होती. नवरा पाळी संपवून आला, की घरी झोपायच्या आधी तिला सोडून जायचा आणि उपासनेच्या वेळेला डोळे चोळत परत यायचा. काकांनी विचारपूस वगैरे काही न करता नुसती मान हलवली, शिडी लावली आणि स्पीकरचं झाकण उघडलं. आत एक तार तुटली होती, बस. पाच मिनिटांचं काम. काकांना स्वतःचाच राग आला.

"काका, राहू द्या ना," खालून आवाज आला.

"काय?"

"स्पीकर. राहू द्या तसाच. इथे कुणी काही बोलत नाही, तेवढंच बरं वाटतं."

काकांनी खाली पाहिलं. ब्लाउजचं एक बटण चुकीच्या काजात. केसांना कंगवा लागला असेल-नसेल. छोटी मांडीवर होती, पण आईचे हात तिच्याभोवती नव्हते. स्टेशनवर कुणी अनोळखी माणूस 'जरा बघता का' म्हणून आपली बॅग ठेवून जातो आणि आपण ती सांभाळत बसतो, तशी ती बसली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "गेल्या रविवारी सगळे माझ्याकडे वळून का हसले?"

"अगं, तुला ऐकूच आलं नाही ना!" काकांना हुरूप आला. चांगली बातमी द्यायची संधी त्यांना क्वचितच मिळायची. "पाळकसाहेबांनी तुझं कौतुक केलं. म्हणाले, प्रार्थना करावी तर हिच्यासारखी."

तिने तोंडावर हात दाबला. खांदे हलू लागले. काकांना आधी वाटलं, हसतेय. मग हाताच्या कडेवरून पाणी ओघळलं.

"मी प्रार्थना नव्हते करत, काका. मला झोप लागते. नाही लागली तर नुसतीच डोळे मिटून बसते. म्हणजे हिच्याकडे बघायला नको." तिने श्वास घेतला. "मला वाटलं, सगळ्यांना कळलं."

"काय कळलं?"

"की मला ही माझी वाटतच नाही. रडायला लागली की वाटतं, आता कुणीतरी येईल आणि म्हणेल, झाली तुमची पाळी, द्या इकडे. लोक वर्षानुवर्षं देवाकडे मूल मागतात. मला दिलं, तर मला आनंदच होत नाही. काहीच होत नाही. आणि पाळक म्हणतात, हिच्यासारखी व्हा."

बाहेर पियानोवर कुणी सूर लावून बघत होतं. बाकांवर माणसं येऊ लागली होती. काका शिडीवरून उतरले, हातात झाकणाचा स्क्रू तसाच. जन्मभर त्यांनी बंद पडलेली यंत्रं उघडून पाहिली होती. माणसाचं झाकण असं आपोआप उघडलं, तर पुढे काय करायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. तिला सांगावं असं बायबलमधलं एखादं वचनही आठवेना.

"मी आज इथेच बसतो," ते एवढंच म्हणाले.

खोलीत दुसरी खुर्ची होती ती लहान मुलांची. काका तीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीला लागले. काचेपलीकडे लोक उठत होते, बसत होते, तोंडं उघडून गात होते, आणि इकडे चिडीचूप. छोटी जागी झाली तेव्हा काकांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्यासमोर धरला. छोटीची आई डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत राहिली. निघताना काकांनी विचारलं, "माझ्या ताईला सांगितलं तर चालेल?"

"काहीही करा," ती थकून म्हणाली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दोघांचेही जोडीदार गेलेले, तेव्हापासून भाऊ-बहीण एकाच घरात राहत होते आणि मीठ कमी की जास्त यावरून रोज भांडत होते. ताई शाळेत शिवणकाम शिकवायच्या. आता मंडळीतला महिला संघ चालवायच्या, म्हणजे एका हाती हाकायच्या. कुणाच्या घरी दुखणं आलं, की ताई दारात हजर. भावाचं बोलणं पुरतं ऐकून न घेताच त्या उठल्या. "भेट द्यायला हवी," म्हणाल्या आणि संघातल्या तिघींना फोन लावला.

भेट झाली. काका संत्र्यांची पिशवी घेऊन मागे होते, म्हणून त्यांनी ती डोळ्यांनी पाहिली. दाराची बेल दाबली तर आत असा काही कर्कश आवाज झाला, की छोटी झोपेतून किंचाळत उठली. छोटीची आई तिला खांद्यावर टाकून दार उघडायला आली. चौघी आत शिरल्या, पलंगावर, खुर्चीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसल्या आणि बोलू लागल्या.

"अगं, आम्ही चार-चार वाढवली. पाठ टेकायलाही सवड नव्हती."

"मन प्रसन्न ठेवावं बाई. आईचं मन दुधात उतरतं."

"दिसामाजी काहीतरी गात जा. गळा एवढा गोड दिलाय देवाने!"

"आणि आभार मान. आभार मानले की मन आपोआप हलकं होतं."

छोटीची आई प्रत्येकीला 'हो' म्हणत होती. हो, हो, हो. मग ताईंनी प्रार्थना केली. प्रार्थना चांगली होती पण भली लांब, आणि ती चालू असताना छोटी रडत होती, हातोहात फिरत होती. सगळ्या निघाल्या तेव्हा दार मागे इतक्या हळू बंद झालं, की काकांनी दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी काचेआडची खोली रिकामी. त्याच्या पुढच्याही. नवरा आला होता, बाकावर पेंगत होता. "सर्दी झालीये तिला," एवढंच म्हणाला.

"मी काय कमी केलं?" घरी येऊन ताई चिडल्या. "चार कामं टाकून गेले. संत्री नेली. आणि ही चर्चमध्ये यायचीच बंद!"

"तू बोललीस, ताई," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"चौघी बोललात. ती फक्त हो म्हणाली. तिला बोलायला तुम्ही फट तरी ठेवलीत का?"

झालं! ताईंनी ताट आपटलं. दोन दिवस अबोला. काकांना चहा मिळत होता, पण बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी दुपारी काका जुनी इस्त्री खोलून बसले होते. ताई येऊन समोर बसल्या. इस्त्रीकडे बघतच बोलू लागल्या.

"थोरला झाला तेव्हा," त्या म्हणाल्या, "मी दुपार-दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाळण्यातून आवाज आला तरी उठावंसं वाटायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, थेरं आहेत. मीही म्हटलं, थेरंच असतील. कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही."

काकांच्या हातातला पेचकस थांबला. एवढी तोफखान्यासारखी ताई, आणि भिंतीकडे तोंड करून!

"मग त्या दिवशी तिला हे का नाही सांगितलंस?"

"तिच्याकडे बघितलं आणि सगळं आठवलं. आठवू नये म्हणून बोलत सुटले," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून उठल्या. "चल, उठ. तुझी पिशवी घे. ती बेल बदलायची आहे."

या वेळी त्यांनी बेल दाबली नाही, बोटाच्या टोकाने दार वाजवलं. छोटीची आई दारात उभी राहिली आणि ताईंना बघून तिने एक पाऊल मागे घेतलं.

"आज मी तोंडाला कुलूप लावून आलेय," ताई म्हणाल्या. "छोटीला माझ्याकडे दे आणि तू जाऊन झोप."

"पण घर..."

"घराला पाय फुटत नाहीत. झोप."

ती आतल्या खोलीत गेली. ताईंनी छोटीला पायांवर घेतलं. काकांनी बेलचा डबा उघडला, त्या कर्कश घंटेच्या जागी एक साधा मंद आवाजाचा बझर बसवला आणि तो वाजवून न बघताच झाकण लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काम तपासल्याशिवाय सोडलं. मग मोरीतली भांडी घासली. छोटी रडली, ताईंनी बाटलीतलं दूध पाजलं, छोटी झोपली. दुपार कलली तरी आतून हालचाल नव्हती. ताई दोनदा दारापाशी जाऊन श्वास ऐकून आल्या.

ती उठून बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर उशीच्या वळ्या उमटल्या होत्या. ताईंनी चहा पुढे केला आणि मग, बोलायचं नाही असं ठरवूनही, बोलल्या. पण उपदेशाचा शब्द नाही. ती भिंत, तो पाळणा, सासूबाई, सगळं सांगितलं. छोटीची आई कप हातात धरून ऐकत होती.

"मग कधी गेलं ते?" तिने विचारलं.

"हळूहळू गेलं. फार दिवस लागले, कारण एकटीने ओढलं. तू एकटीने ओढायचं नाहीस."

काका बिस्किट चावत होते, तेवढाच आवाज.

"काका," छोटीची आई अचानक म्हणाली, "तुमची कवळी वाजते. कुणी बनवली?"

"का गं?"

"खालची हिरडीवर नीट बसलेलीच नाही. असलं काम आमच्या लॅबमधून बाहेर गेलं असतं तर..." ती थांबली. आपण काय बोललो, याचं तिचं तिलाच नवल वाटल्यासारखं. ताईंनी भावाला पायाने ढोसलं, हसू नकोस म्हणून.

त्यानंतर गोष्टी एकामागून एक झाल्या. ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, म्हणाल्या. पाप नाही, आळस नाही, विश्वास कमी पडला असंही नाही. औषध आहे, वेळ लागेल, आणि झोप हवी. जीव नकोसा वाटतो का, हेही त्यांनी स्पष्ट विचारलं. "कधीकधी निघून जावंसं वाटतं," ती म्हणाली. "तसं वाटलं, की त्याच क्षणी कुणाला तरी सांगायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंनी तिथल्या तिथे आपला नंबर तिच्या फोनमध्ये सगळ्यात वर टाकून दिला.

नवऱ्याला काकांनी सांगितलं, बेकरीच्या मागच्या दारी, पिठाच्या पोत्यांवर बसून. तो ऐकता ऐकता रडायला लागला. "मला वाटलं, ती माझ्यावर रागावलीये," तो म्हणाला. "म्हणून मीच कमी बोलायला लागलो." मालकाशी बोलून त्याने काही महिने दिवसपाळी मागून घेतली.

पाळकही घरी आले. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. काकांना वाटलं, आता हा माणूस प्रवचन देणार. पण पाळक म्हणाले, "मी दर रविवारी तुमच्याकडे बघत होतो, पण तुम्हाला पाहिलं नाही. माझ्या प्रवचनाला उदाहरण हवं होतं, ते घेऊन मोकळा झालो. माफ करा."

"मला अजूनही प्रार्थना जमत नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "शब्दच येत नाहीत."

"मग करू नका. तुमच्या वाटची आम्ही करतो. मंडळी असते कशाला?"

त्या रात्री तिला बरं वाटलं, पण म्हणून सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. औषधाने आधी मळमळ झाली. एका आठवड्यात तर ती इतकी खचली, की ताईंनी मुक्कामच तिथे हलवला आणि काकांना घरी स्वतःच्या हातचा भात खावा लागला. महिला संघातल्या त्याच तिघी आता पाळीपाळीने जात. ताईंची सक्त ताकीद होती, 'आमच्या वेळी' हे दोन शब्द जिच्या तोंडून निघतील, तिने तिथून घरी परत जायचं. एकीला सवय मोडवेना. ती तोंड बंद राहावं म्हणून येताना तोंडात लवंग धरायची आणि मुकाट कपडे वाळत घालायची.

काकांनी काचेआडचा स्पीकर दुरुस्त केला. पण त्याला आतून एक बटण जोडलं, गोल फिरवायचं. हवा तेवढा आवाज, आणि नको तर बंद. शिवाय लहान मुलांच्या खुर्चीशेजारी दोन मोठ्या खुर्च्या आणून टाकल्या. ती परत आली त्या रविवारी तिच्या एका बाजूला ताई होत्या, दुसऱ्या बाजूला लवंगवाली. ती गायली नाही. डोळे मिटून झोपली आणि छोटीला ताईंनी धरलं. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

छोटी आता पालथी पडून पुढे सरकायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी काकांच्या दारात छोटीची आई उभी. न कळवता आली होती. असं तिने कधी केलं नव्हतं.

"ताई नाहीत का?"

"बाजारात गेलीये. का, काय झालं? बरं वाटत नाहीये?" काकांनी घाईने विचारलं.

"तसं नाही. दोन तास हिला सांभाळाल? मला केस कापून यायचंय." ती जराशी लाजली. "काही काम नाही, उगीच. मला वाटलं, कापावेत."

"जा की!" काका ऐटीत म्हणाले. ती गेली आणि त्यांची ऐट पण तिच्यामागोमाग गेली. एकट्याने सांभाळायची ही पहिलीच वेळ. छोटीने आधी त्यांचा चष्मा काढला, मग टेबलाखाली शिरून रडली, मग त्यांच्या शर्टावर दूध ओकली. काकांनी तिला किल्ल्या दाखवल्या, बॅटरी लावून दाखवली, शेवटी बेसुऱ्या आवाजात एक गीत म्हटलं. ते तिला आवडलं की भीती वाटली कुणास ठाऊक, पण ती गप्प झाली. ताई बाजारातून आल्या तेव्हा भाऊ घामाघूम होऊन तेच कडवं विसाव्यांदा म्हणत होता.

तेवढ्यात छोटीची आई परत आली. केस मानेपर्यंत आखूड, कपाळ मोकळं. काकांना ती क्षणभर ओळखूच आली नाही.

छोटीलाही नाही. ताईंच्या कडेवरून तिने त्या नव्या बाईकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं आणि ताईंच्या खांद्यात तोंड लपवलं. छोटीच्या आईचा चेहरा पडला. ती दारातच थांबली, पुढे येईना.

"बोल तिच्याशी," ताई हळूच म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही."

"ए," ती म्हणाली. "ए छोटी. मीच आहे गं. नुसते केस कापलेत."

छोटीने मान वळवली. पुन्हा आठ्या, पुन्हा निरखणं. मग एकदम तिचं बोळकं तोंड उघडलं, तिने ताईंच्या छातीवर पाय देऊन सगळं अंग पुढे झोकलं आणि दोन्ही हात पसरले. ताईंचा तोल गेला असता. छोटीची आई दोन ढांगांत पुढे आली आणि तिने तिला वरच्यावर झेललं. घट्ट धरलं, इतकं की छोटी कुरकुरली.

"अहो, हिने मला ओळखलं," ती काकांना म्हणाली, जणू ही जगावेगळी बातमी होती. "बघितलंत ना तुम्ही? मलाच मागत होती!"

"बघितलं," काका म्हणाले आणि चष्मा शोधायला टेबलाखाली वाकले. बराच वेळ ते तिथेच शोधत राहिले.